लाल कड्यांची काडतुसं

१

शनिवारच्या चाचणीत नोरा ट्वेइटच्या रायफलीतून तीन बार सरळ गेले. चौथा उलटला.

आवाजच निराळा होता, जाड पत्र्यावर घण पडल्यासारखा. रायफलीच्या कुशीतून धूर निघाला, खालची काडतुसांची मॅगझिन निखळून गवतात पडली आणि नोरा गालावर हात दाबून मटकन खाली बसली. बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. डोळ्यांवर जाड चष्मा होता म्हणून डोळा वाचला. चष्म्याच्या काचेत पितळेचा नखाएवढा तुकडा रुतून बसला होता.

मी गुणवही घेऊन तिच्या मागेच उभी होते. मी बर्नी आमडाल. सॉल्ट क्रीक गावात माझं कॉफीचं दुकान आहे आणि गेली एकवीस वर्षं रायफल क्लबाची गुणवही माझ्याकडे आहे. एवढ्या वर्षांत मला या वहीत कधी रक्ताची नोंद करावी लागली नव्हती.

काडतूस कोणाचं, हे कोणी विचारलंच नाही. डबा बाकावर उघडा पडला होता. उरलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडाला, ठिणगी पाडणाऱ्या मधल्या टोपीभोवती, नखरंगाचं बारीक लाल कडं होतं. असं कडं आमच्या अख्ख्या काउंटीत एकच माणूस काढायचा.

डेल्मर स्टेन्सरुड. शाळेत छत्तीस वर्षं त्यांनी कारखान्याचा, म्हणजे लेथ-लोखंडकामाचा, वर्ग घेतला, म्हणून आम्ही त्यांना अजून मास्तरच म्हणतो. वय एकोणऐंशी. बायको, एडिथ, वारली तेव्हा तिच्या नखरंगाच्या पाच-सहा बाटल्या कपाटात राहिल्या होत्या. "टोपीत ओल शिरू नये म्हणून लावतो," असं ते सांगायचे. आम्ही मान डोलवायचो आणि दुसरीकडे बघायचो.

मास्तर बाकापाशी आले. फाटलेली पुंगळी त्यांनी उचलून पाहिली, मग नोराचा गाल पाहिला. डोक्यावरची टोपी काढून ते म्हणाले, "माझं चुकलं, पोरी. आजपासून माझं काडतूस कोणी वापरू नका."

आणि ते त्यांच्या पिकअपकडे चालू लागले. त्यांचे पन्नास वर्षांचे जिवलग मित्र हार्लन ऑप्सल तिथेच होते. ते हाक मारायला पुढे झाले आणि तसेच थबकले. मला वाटलं, धक्का बसला असेल. तो आम्हा सगळ्यांनाच बसला होता.

संध्याकाळपर्यंत बातमी आली: मास्तर आपलं काडतुसं भरायचं प्रेसयंत्र खोलून गुरुवारी चर्चच्या तळघरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीला देणार आहेत.

२

ज्याने कधी घरी काडतूस भरलं नाही, त्याला यातलं दुःख कळायचं नाही.

उडालेली पुंगळी उचलायची, पुसायची, साच्यातून दाबून पुन्हा मापात आणायची, नवी टोपी, मोजलेली दारू, नवी गोळी. एवढंच काम. पण आमच्या क्लबात दर वसंतात सगळ्यांसाठी मिळून मतदानाने एकच काडतूस निवडतात, आणि खरी परीक्षा तिथे असते. आमच्याकडे बहुतेकांच्या हातात लहान नळीची, एकामागून एक आपोआप भरून घेणारी रायफल असते. ही जात मोठी नखरेल. दारू कमी पडली तर तिचा खटका मागे येत नाही आणि पुंगळी अडकते. जास्त झाली तर दर बाराला स्वतःचीच हाडं खिळखिळी करून घेते. हलकी गोळी शेत पोखरणाऱ्या गोफरांना छान, पण वाऱ्यात भरकटते. जड गोळी वाऱ्याला पुरून उरते, पण जुन्या नळ्यांना ती झेपत नाही. आणि हवं काय? तर त्याच काडतुसाने मे महिन्यात गोफर मारायचे, कोकरांच्या दिवसांत उणे वीस अंशांत कोल्ह्यासारखे कायोटी हाकलायचे आणि ऑगस्टच्या मेळ्यात दोनशे यार्डांवर कागदात भोकंही पाडायची.

मास्तरांचं काडतूस अकरा वर्षं हे सगळं करत होतं. कशातच पहिलं नव्हतं ते. सगळ्यांत दुसरं होतं. "लग्नाला माणूस निवडावा तसं निवडलंय," मास्तर म्हणायचे. "नाचणारा नको, रोज घरी येणारा हवा."

मला त्यांचं हे फार आवडायचं. त्यासाठी त्यांनी दोन हिवाळे घालवले होते. क्लबातल्या तेवीस रायफली उसन्या घेतल्या, प्रत्येकीतून थंडीत आणि उन्हात बार काढले, आणि जी सगळ्यांत कुरकुरी होती तिला जे मानवलं ते सगळ्यांसाठी ठरवलं. दुसरा कोणी असता तर स्वतःच्या रायफलीला सोयीचं निवडून मोकळा झाला असता.

सोमवारी सकाळी इंगा सोर्ली दुकानात आली, कॉफी न मागता समोर बसली आणि म्हणाली, "बर्नी, तो डबा कुठंय?"

इंगा आमची डाग-तपासनीस. गुरं विकायला निघाली की त्यांच्या कातड्यावरचा मालकीचा डाग वाचून हे जनावर कोणाचं ते सांगायचं, हे तिचं सरकारी काम. हिवाळ्यात केस वाढून डाग बुजला तरी ती बोटांनी वाचते. डागावर डाग मारून चोरलेलं वासरू तिने एकदा माझ्यासमोर मूळ मालकाला परत दिलं होतं.

"शेरीफ म्हणाला, अपघात आहे," मी म्हणाले. "तू कशाला साप साप म्हणून भुई धोपटतेस?"

"मी सोळा वर्षांची होते," इंगा म्हणाली, "तेव्हा मुलींना कारखान्याच्या वर्गात घेत नव्हते. मास्तरांनी प्राचार्यांना सांगितलं, हिला वर्गात घ्या नाहीतर मी बाहेर अंगणात शिकवतो. नोव्हेंबर होता. दोन दिवस ते खरंच अंगणात उभे राहिले. डबा आण."

मी डबा आणला. नोराने पाच काडतुसं मॅगझिनमध्ये भरली होती. तीन नीट गेली, चौथं फुटलं, पाचवं गवतात सापडलं होतं. ते धरून सोळा शिल्लक होती.

इंगाने सोळाही टेबलावर बुडं वर करून उभी केली, खिशातलं भिंग काढलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने सहा वेगळी सरकवली.

"बर्नी," ती हळूच म्हणाली, "हा कळप एका मालकाचा नाही."

३

ती पुढे काही सांगणार, तेवढ्यात रेक्स हॉगलंड आत आला. या वर्षी मास्तरांच्या विरोधात त्याचंच काडतूस होतं. रेक्सला सगळं जोरात आवडतं: ट्रकचा आवाज, चिलीच्या रश्श्यातलं तिखट आणि काडतुसातली दारू. त्याचं काडतूस गोफरला हवेत तीन फूट उडवायचं आणि रायफलीची पुंगळी शेजारच्या रानात फेकायचं.

"काय गं, माझ्या नावाचा डाग शोधतेस का?" तो हसला. पण हसू उसनं होतं. सगळं गाव त्याच्याकडेच बघत होतं, आणि ते त्याला कळत होतं.

"शनिवारआधी डबे कुठे होते?" इंगाने विचारलं.

"क्लबाच्या खोलीत, बुधवारपासून. किल्ली बर्नीकडे आणि हार्लनकडे. मी माझा डबा ठेवायला गेलो तेव्हा हार्लन होता तिथे. नेहमीसारखा कुरकुरत होता." रेक्सने हार्लनचा आवाज काढला. "'पितळ फेकून देणाऱ्या बंदुकीवर माझा विश्वास नाही!'"

मलाही हसू आलं. हार्लन जुन्या वळणाचे. त्यांची रायफल बोल्टची, एकेक बार हाताने भरायची. बार झाला की ते दांडी मागे ओढून पुंगळी दोन बोटांनी काढतात, फुंकर मारतात आणि शर्टाच्या खिशात ठेवतात, अंडी गोळा करावीत तशी.

"आणि झालं काय म्हणशील?" इंगाने विचारलं.

रेक्सचा चेहरा उतरला. "खरं सांगू? मला जिंकायचं होतं, पण असं नाही. म्हाताऱ्याने दारू दोनदा ओतली. डोळे गेले त्यांचे. होतं असं."

"बर्नी, एक बशी दे. जवळ चूल पेटलेली नाही ना?" इंगाने पिशवीतून एक रिकामी पुंगळी, लहान नरसाळं आणि मास्तर वापरतात त्याच दारूची बाटली काढली. "क्लबाच्या भिंतीवर मास्तरांच्या काडतुसाचं कार्ड आहे, त्यात लिहिलंय तेवढं माप घे, रेक्स. ओत."

रेक्सने ओतलं. करड्या दाण्यांनी पुंगळी जवळजवळ मानेपर्यंत भरली.

"आता दुसऱ्यांदा ओत."

त्याने ओतलं. दाणे मानेवरून ओसंडून बशीत सांडले, बशीतून टेबलावर आले. रेक्स बघतच राहिला.

"दोनदा भरताच येत नाही," तो पुटपुटला.

"भरता येऊ नये म्हणूनच त्यांनी ही दारू निवडली," इंगा म्हणाली. "याहून थोडक्यात भागणाऱ्या दारवा आहेत, पण त्यांत दोन मापं गुपचूप मावतात. मास्तर वर्गात सांगायचे, चूक होणारच, म्हणून चूक दिसेल असं काम करा. आंधळा माणूससुद्धा या दारूचं दुप्पट माप भरू शकत नाही."

रेक्सने टोपी काढून डोकं खाजवलं. "हे मला कधी सुचलं नव्हतं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरीखुरी दाद होती. दारात वळून तो म्हणाला, "मग फुटलं कशाने?"

इंगा पुन्हा त्या सहा काडतुसांकडे बघत होती.

४

दुपारी आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. मारेनने, त्यांच्या मुलीने, दार उघडलं. ती बिलिंग्ज शहरात राहते. महिनाभर इथे होती आणि बापाला सोबत घेऊन जायचा हट्ट धरून बसली होती.

"उगाच उकरू नका," ती दारातच म्हणाली. "आता तरी ते ऐकतील. हात थरथरतो त्यांचा. परवा कॉफी कपाबाहेर ओतली. मी बुधवारी हार्लनकाकांपाशी रडलेसुद्धा. म्हटलं, काका, तुम्ही तरी समजवा, कोणाचा तरी जीव जाईल एक दिवस."

"म्हणजे तुझ्या मते हे फुटलं ते बरंच झालं," इंगा म्हणाली.

"काय बोलतेस तू!" मारेनचे डोळे भरले. "मला माझा बाप हवाय गं. इथे एकटा पडून मरेल तो."

गॅरेजमध्ये मास्तर पाठमोरे उभे होते. प्रेसचे चारपैकी दोन नट सुटले होते. इकडेतिकडे न बघता ते म्हणाले, "इंगा, तो दहा नंबरचा पाना नेशील का? तुझ्या हाताला बसेल." जणू ते वारले होते आणि स्वतःच वाटणी करत होते. मला भयंकर राग आला, कोणाचा ते मला कळेना.

"पाना नको," इंगा म्हणाली. "तुमचं माप द्या थोडा वेळ."

ते माप मास्तरांनी स्वतः लेथवर काढलेलं. पोलादाचं बोटभर नळकांडं, आतून थेट रायफलीच्या पोटासारखं कोरलेलं. काडतूस त्यात सोडायचं. टप् करून पूर्ण आत गेलं तर ते रायफलीत नीट बसणार.

बाहेर पिकअपच्या मागच्या फळीवर इंगाने सोळा काडतुसं मांडली. पहिली दहा एकामागून एक सोडली. टप्. टप्. टप्. दहाही गेली. मग वेगळी काढलेली सहा. पहिलं आत गेलं आणि केसभर वर राहिलं. दुसरं तसंच. सहाही तशीच.

"आता बुडाची कड बघ. भिंगातून."

मी पाहिलं. दहांच्या पितळी कडेवर बारीक ओरखडा होता. सहांची कड आरशासारखी साफ होती.

"आपोआप भरणारी रायफल पुंगळीला आकड्याने हिसडून बाहेर फेकते," इंगा म्हणाली. "त्या हिसड्याचा ओरखडा राहतो. मास्तर क्लबाच्या बादलीतल्या पुंगळ्या वापरतात. त्या सगळ्या अशाच रायफलींतल्या, सगळ्यांवर ओरखडा. या सहांना कोणी हिसडलेलंच नाही. कोणीतरी हाताने अलगद काढून ठेवलंय."

"बोल्टची रायफल," मी म्हणाले.

"आणि बोल्टवाला पुंगळी सबंध दाबत नाही. नुसती मान दाबतो. पोट त्याच्या रायफलीच्या मापाचं आधीच झालेलं असतं, ते तसंच ठेवलं की नेम चांगला लागतो. त्याच्या बंदुकीत ते बिनचूक. नोराच्या बंदुकीत ते पूर्ण आत जात नाही. आपण हाताने भरत असतो तर अडकलं हे कळलं असतं, थांबलो असतो. पण हिची स्प्रिंग विचारत नाही, धाडकन आदळते. दार पुरतं लागायच्या आत ठिणगी पडली."

"म्हणजे कोणीतरी मास्तरांच्या डब्यात आपली काडतुसं घातली. लाल कडं काढून!"

"सात. एक फुटलं." इंगाने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या गुणवहीत प्रत्येकाची रायफल लिहिलेली असते ना? याच मापाच्या नळीची बोल्टची रायफल किती जणांकडे आहे?"

वही गाडीतच होती. मी पानं उलटली. एकवीस वर्षांत फक्त दोन नावं होती. पहिलं हार्लन ऑप्सल.

दुसरं नाव मी दोनदा वाचलं. मारेन स्टेन्सरुड.

५

बापाने ती रायफल तिला सोळाव्या वाढदिवसाला दिली होती. मारेन महिनाभर घरात होती, हाताशी प्रेस, हाताशी दारू, हाताशी आईचा नखरंग. आणि बापाने हे काम सोडावं असं सगळ्यांत जास्त तिलाच वाटत होतं.

"मला नाही विचारवणार," मी म्हणाले.

"मी विचारते," इंगा म्हणाली.

मारेनने आम्हाला सरळ वरच्या खोलीत नेलं. रायफल कपाटात, आजीच्या गोधडीखाली होती. इंगाने बोल्टची दांडी धरली. ती हललीच नाही. गंजून जागच्या जागी बसली होती. नळीत कोळ्याने घर केलं होतं.

"शाळा सुटल्यावर हात लावला नाही," मारेन म्हणाली. "बाबांना सांगू नका. त्यांना वाटतं मी तेल घालते."

"नाही सांगत," इंगा म्हणाली आणि गोधडी पुन्हा नीट घातली. मग तिने विचारलं, "आईचा नखरंग कुठे असतो?"

तो गॅरेजच्या फळीवर होता. शेवटची बाटली, घट्ट झालेली, जुनी. इंगाने त्यात काडी बुडवून एका कागदावर ओढली. विटक्या विटेसारखा रंग उमटला. मास्तरांच्या दहा काडतुसांवर तोच होता. त्या सहांवरचा लाल होता झगझगीत, ताजा.

"घरातल्या माणसाने घरातली बाटली घेतली असती," इंगा म्हणाली. "याला विकत आणावी लागली."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं असंही वाटलं. गुरुवारी हार्लन माझ्याकडे रुबार्बच्या लाल देठांची गोड पाई खायला आले होते. त्यांच्या अंगठ्याच्या नखावर लाल डाग होता. मी थट्टा केली होती, "काय हो, काट्याने खा की, हाताने कशाला?" ते हसले नव्हते. त्यांनी हात टेबलाखाली घेतला होता. शुक्रवारी पुन्हा आले तेव्हाही तो डाग तसाच होता, आणि शुक्रवारी तर मी रुबार्बची पाई केलीच नव्हती.

"हार्लन?" मी म्हणाले. "अगं, त्यांनी मास्तरांच्या बायकोचं कॉफिन खांद्यावर घेतलंय. ते मास्तरांचं वाईट करतील?"

"वाईट करायला केलं, असं कोण म्हणतंय?" इंगा म्हणाली. "चल. आणि त्यांना घेऊनच गॅरेजमध्ये येऊ. हे मास्तरांच्या पाठीमागे बोलायचं नाही."

६

हार्लन निमूटपणे गाडीत बसले. गॅरेजच्या दारात पोचल्यावर मात्र ते थबकले. मास्तर तिसऱ्या नटाशी झटत होते.

"डेल," हार्लन म्हणाले, "ते थांबव. ते माझं होतं."

मास्तर वळले.

"काय तुझं होतं?"

"फुटलेलं. नोराचं." हार्लननी शर्टाच्या खिशातून एक तंबाखूची डबी काढून बाकावर ठेवली. आत सात काडतुसं होती, बुडांवर विटकरी कडी. "मारेन रडली माझ्यापाशी. तुझे डोळे गेले म्हणाली, हात गेला म्हणाली. डबा क्लबात होता. मी घरी नेला आणि सगळी वीस काडतुसं काट्यावर टाकली. तेरा सारखी. सात जड. डेल, सात! मी घाबरलो. म्हटलं, याच्या हातून दारू जास्त पडायला लागली. शनिवारी सगळ्यांसमोर काही झालं तर हा उभा मरेल. म्हणून सात काढली आणि तुझ्याच कार्डावरून माझी सात भरून घातली. कडंसुद्धा काढलं. तुला कळू नये म्हणून."

"तू मान दाबलीस," मास्तर म्हणाले. "नुसती मान."

"पन्नास वर्षं तेच करतोय. हात आपोआप चालला. तुझ्या त्या फेकाफेकीच्या बंदुका माझ्या ध्यानातच आल्या नाहीत." हार्लनचा चेहरा अगदी पांढरा पडला होता. "बार उलटला तेव्हाच मला कळलं. तोंड उघडलं, आणि आवाज फुटला नाही. उद्या सांगू, उद्या सांगू करत तीन दिवस काढले. तुला वाचवायला गेलो आणि पोरीचा गाल फाडला, वर तुला दोषी ठरवलं."

मारेन दारात येऊन उभी होती, तोंडावर हात दाबून.

मग इंगा म्हणाली, "मास्तर, ही सात अजून कोणी उघडलेली नाहीत. जड का आहेत ते बघायचं राहिलंय."

मला तिचा रागच आला. समजा, दारू खरंच जास्त निघाली तर? समजा, डोळे खरंच गेले असतील तर? पण मास्तरांनी बाकाखालचं स्टूल ओढलं आणि बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, मी स्पष्ट पाहिलं. त्यांनी त्या हाताने गोळी उपटायचा चिमटा उचलला, आणि हात थांबला. विहिरीचं पाणी थांबावं तसा. पहिली गोळी निघाली. त्यांनी दारू काट्याच्या पारड्यात ओतली. काटा हलला, डुलला आणि कार्डावरच्या आकड्यावर येऊन उभा राहिला.

दुसरं. तोच आकडा. तिसरं. तोच. सातही. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. एकोणऐंशीव्या वर्षी एवढं खरं काम करणारा हात मी दुसरा पाहिलेला नाही.

मास्तरांनी शेवटची रिकामी पुंगळी तळहातावर तोलली. "पितळ जड आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कारखान्याचं. बादलीत सगळंच येतं, हार्लन. जाड येतं, पातळ येतं. मी माप असं ठरवलंय की जाडालाही चालेल आणि पातळालाही. तू तुझ्या पुंगळ्या तोलून निवडतोस, सगळ्या एका वजनाच्या. म्हणून तुला वाटलं, फरक असला तर दारूचाच."

"एका बंदुकीपुरतं बघत आलो मी," हार्लन म्हणाले. "जन्मभर."

"तुझी भोकं माझ्यापेक्षा जवळ पडतात," मास्तर म्हणाले. "ते आहेच."

त्यावर हार्लन हसायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. मास्तरांनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाले, "आधी नोराकडे जा. माझ्याकडे नंतर. तिला तोंडाने सांग, आणि तिची रायफल नवी होईपर्यंत तुझी तिच्या मेंढ्यांपाशी राहू दे. तिची कोकरं उघड्यावर आहेत."

"आत्ता जातो."

"थांब." मास्तरांनी पाना त्यांच्यापुढे धरला. "हे नट आधी आवळ. माझ्याच्याने वाकवत नाही. ते डोळ्यांचं नाही, गुडघ्यांचं आहे."

हार्लन गुडघ्यांवर बसले आणि एकेक नट आवळू लागले. मास्तर वरून बघत होते.

"आणखी एक," ते थोड्या वेळाने म्हणाले. "मारेन म्हणते ते अगदीच खोटं नाही. आज नाही, पण एक दिवस माझा हात चुकणार आहे. त्या दिवशी खिशात डबी लपवू नकोस. इथे स्टूल टाक, माझ्यासमोर काट्यावर टाक, आणि माझ्या तोंडावर सांग: डेल, चुकलास."

हार्लननी मान वर न करता विचारलं, "आणि तू ऐकशील?"

"तू सांगितलंस तर ऐकेन. दुसऱ्या कोणाचं नाही ऐकायचो."

पुढच्या शनिवारी मतदान झालं. आधी हार्लन सगळ्यांसमोर उभे राहिले आणि काहीही न लपवता सांगितलं. गालावर पट्टी बांधलेली नोरा पुढच्या रांगेत होती. ती म्हणाली, "ही बोल्टची रायफल फार हळू आहे हो, पण परवा पहिल्याच बाराला कायोटी पडला." लोक हसले, आणि हार्लन खाली बसू शकले. नंतर रेक्सने आपलं काडतूस मागे घेतलं. म्हणाला, दोनदा भरता येणार नाही असं काहीतरी शोधून पुढच्या वर्षी येतो.

बाराव्या वर्षाचं कार्ड मास्तरांनी स्वतः लिहून आणलं होतं. मी ते भिंतीवर ठोकताना वाचलं. गोळी, दारू, टोपी, सगळं जुनंच. फक्त खाली, जिथे अकरा वर्षं एकच नाव असायचं, तिथे दोन ओळी होत्या.

भरणार: डेल्मर स्टेन्सरुड.

समोर बसून तपासणार: हार्लन ऑप्सल.